पत्र्याच्या पोटातली लाट

भाच्याने पावसाळ्याआधी एक जुनी यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल घेतली. गाडी त्याच्यापेक्षा वयाने मोठी. घरी आणली त्या संध्याकाळी एवढा धूर की तळमजल्यावरच्या आजींनी खिडकीतून विचारलं, "डासांची फवारणी आली का रे?" दुसऱ्या दिवशी आम्ही ती ढकलत परळच्या एका गल्लीतल्या गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकने काही न बोलता सायलेन्सर उतरवला, आतला बाफल, म्हणजे आवाज दाबणारी भोकाभोकांची नळी, ओढून काढला. बाफलवर काजळीचा असा थर होता की भोकं दिसत नव्हती. मग त्याने तो सायलेन्सर विस्तवावर भाजायला ठेवला. वांगं भाजतात तसा, फिरवून फिरवून.

थंड झाल्यावर भाच्याने डोळा लावून आत बघितलं आणि मला म्हणाला, "मामा, ह्यात आहे काय? नुसता पत्रा तर आहे."

मेकॅनिक हसला. "सगळा पिकअप ह्या पत्र्यातच आहे, भाऊ. इकडे भोक पडलं ना, गाडी बैल होते."

त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं, पण का बरोबर आहे ते सांगायला गल्लीत वेळ नव्हता. शिवाय ते सांगायचं म्हणजे एका माणसाबद्दल बोलावं लागतं. मोटरसायकल रेसिंगचा इतिहास म्हटला की आपण स्वारांची नावं घेतो. हेलवूड, अगोस्तिनी, रोसी. वॉल्टर काडेन या जर्मन इंजिनिअरचं नाव कुणी घेत नाही. तो स्वतः जगज्जेता झाला नाही, आणि ज्या संघासाठी आयुष्यभर राबला तो संघही कधी झाला नाही. तरी पुढची तीस-चाळीस वर्षं जवळजवळ प्रत्येक जगज्जेत्याच्या बुडाखाली त्याची कल्पना होती.

आधी इंजिनाचं बघू. भाच्याची गाडी टू-स्ट्रोक. तिच्यात वर-खाली उघडझाप करणाऱ्या झडपा नाहीत. फोर-स्ट्रोक इंजिनात हवा आत घेणं, दाबणं, जाळणं आणि धूर बाहेर टाकणं या चार कामांना पिस्टनच्या चार खेपा लागतात, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा स्फोट. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला स्फोट. झडपांच्या जागी सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या असतात, ज्यांना मेकॅनिक पोर्ट म्हणतात. पिस्टन खाली आला की खिडकी उघडी, वर गेला की बंद. स्फोटानंतर पिस्टन खाली येताना आधी धुराची खिडकी उघडते. मग थोड्या खाली असलेल्या बाजूच्या खिडक्या उघडतात आणि त्यांतून पेट्रोल, हवा आणि ऑइलचं ताजं मिश्रण आत घुसतं. हे मिश्रणच जळालेला धूर बाहेर रेटतं.

गोची इथेच आहे. थोडा वेळ दोन्ही दारं एकदम उघडी असतात.

सकाळी दादरला फास्ट लोकल थांबते ते आठवा. उतरणारा लोंढा असा असतो की ज्याला ठाण्याला जायचंय आणि जो बिचारा दारात उभा आहे, तोही फलाटावर फेकला जातो. टू-स्ट्रोकमध्ये नेमकं हेच होतं. धूर बाहेर पडतो, आणि त्याच्या लोंढ्यात नुकतंच आत आलेलं ताजं पेट्रोलही न जळता बाहेर जातं. प्रत्येक फेरीला स्फोट, म्हणजे हिशेबाने दुप्पट ताकद मिळायला हवी. प्रत्यक्षात बराच माल वाया. म्हणून कित्येक वर्षं टू-स्ट्रोक हे गरिबाचं इंजिन होतं. स्वस्त, साधं, फटफट करणारं. मोपेडला ठीक, शर्यतीला नाही.

आता बाहेर फेकल्या गेलेल्या त्या ठाणेकराला, दार बंद व्हायच्या क्षणी, फलाटावरच्या गर्दीने असा रेटा द्यावा की तो परत डब्यात. (लोकलला दारं बंद होत नाहीत हे मलाही माहीत आहे. एसी लोकल समजा.) काडेनने हा रेटा शोधला. तोही एकही हलणारा भाग न वापरता, नुसत्या पत्र्याच्या आकारातून.

काडेनचा जन्म १ सप्टेंबर १९१९ चा, जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतातल्या पोबर्शाऊ गावचा. जवळच चोपाऊ नावाचं छोटं शहर, आणि तिथे डीकेडब्ल्यू हा मोटरसायकलचा मोठा कारखाना. वडील त्या कंपनीच्या विक्रीप्रमुखाचे ड्रायव्हर. १९२७ मध्ये नुर्बुर्गरिंगचा रेसट्रॅक सुरू झाला, तेव्हा सात-आठ वर्षांच्या वॉल्टरला तो सोहळा बघायला मिळाला. पुढे केमनित्झला तांत्रिक शिक्षण झालं आणि मग युद्ध आलं.

युद्धातल्या त्याच्या कामाबद्दल एक झकास गोष्ट सांगितली जाते. तो व्ही-१ या उडत्या बॉम्बवर काम करत होता, त्या बॉम्बचं इंजिन फटफट स्पंदनांवर चालायचं, आणि तिथूनच त्याला सायलेन्सरची कल्पना सुचली. गोष्ट ऐकायला इतकी चपखल आहे की खोटी असल्याचं वाईट वाटतं. तो हेन्शेल या विमान कंपनीत होता आणि त्याचं काम एचएस २९३ या विमानातून सोडून रेडिओने वळवता येणाऱ्या अस्त्रावर होतं. १९४३ पासून मात्र तो पेनेम्युंडेला होता, आणि पेनेम्युंडे ही काही निष्पाप प्रयोगशाळा नव्हती. तिथे छळछावणीतल्या कैद्यांना राबवून घेतलं गेलं. काडेनची आठवण काढताना हा काळ गाळून पुढे जाणं मला बरं वाटत नाही.

युद्ध संपल्यावर काही काळ अमेरिकनांच्या ताब्यात राहून तो गावी परतला आणि त्याने लाकडाचा धंदा सुरू केला. बॉम्बने उडालेल्या घरांना छपराच्या कैच्या बनवून द्यायचा. चोपाऊ आता सोव्हिएत हद्दीत होतं, आणि कारखान्यातली यंत्रं नुकसानभरपाई म्हणून रशियनांनी उचलून नेली होती. फावल्या वेळात काडेन डीकेडब्ल्यूच्या जुन्या आरटी १२५ वरून स्वतःसाठी रेसची गाडी बनवायचा. ती एवढी चांगली पळाली की १९५३ मध्ये सरकारी झालेल्या कारखान्याने त्यालाच रेसिंग विभाग सांभाळायला बोलावलं. हाच कारखाना पुढे एमझेड नावाने ओळखला गेला.

त्याच्यापुढचं चित्र बघा. पूर्व जर्मनीत परकीय चलनाची चणचण. चांगलं पोलाद, चांगली बेअरिंगं, चांगले पिस्टन मिळवायचे म्हणजे अर्ज आणि वाट पाहणं. समोर थोड्याच वर्षांत होंडा येणार होती. १२५ सीसीच्या इवल्याशा इंजिनात दोन सिलिंडर आणि प्रत्येक सिलिंडरला चार झडपा, घड्याळजीने बनवावं तसं काम. काडेनकडे एक सिलिंडर, झडपा शून्य. पत्रा मात्र होता.

आता तो पत्रा. मुंबईकराला हे समजायला मुलुंडचा टोलनाका पुरे. ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांचा टोल बंद झाला, पण नाक्याचा आकार आपल्या डोक्यात बसलेला आहे. रस्ता येतो, मग पसरत पसरत खूप लेनचा होतो, आणि नाका ओलांडला की पुन्हा आवळत चार लेनवर येतो. वरून बघितलं तर मधे पोट फुगलेला अजगर.

तुम्ही मागे ट्रॅफिकमध्ये अडकलेले आहात. पुढच्या गाड्या रुंद भागात पोहोचल्या की त्यांना जागा मिळते, त्या पांगतात. त्यांच्या मागच्यांना जागा मिळते, मग त्यांच्या मागच्यांना. गाड्या चालल्यात पुढे, पण "सुटलं एकदाचं" हा सैलपणा मात्र मागे, तुमच्याकडे येतो. आता उलट बघा. पुढे रस्ता आवळला की पहिला ब्रेक मारतो, मग दुसरा, मग तिसरा. गाड्यांचे लाल दिवे एकामागोमाग एक मागे मागे पेटत येतात. पुन्हा तेच, गाड्या पुढे आणि आवळणं मागे. एकही गाडी उलटी आलेली नसते, तरी बातमी उलटी आली.

धुराचंही तसंच. खिडकी उघडल्यावर दाबाचा एक हबका पाइपात शिरतो आणि आवाजाच्या वेगाने पुढे पळतो. धूर स्वतः इतका वेगात जात नाही, जातो तो धक्का. हा धक्का हळूहळू रुंद होत जाणाऱ्या शंकूत शिरला की तिथून सैलपणा परत फिरतो, म्हणजे ओढ निर्माण होते. ही ओढ उलटी सिलिंडरपर्यंत येते आणि उरलासुरला धूर बाहेर खेचते. एवढंच नाही, खालून ताजं मिश्रणही वर ओढते, इतकं की थोडं पाइपात सांडतं. तेवढ्यात मूळ हबका पुढे जाऊन उलट्या, आवळत जाणाऱ्या शंकूवर आदळतो. तिथून परत येतो तो दाब. तो येऊन पाइपात सांडलेलं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये कोंबतो. आणि पिस्टन खिडकी बंद करतो. ठाणेकर डब्यात, गाडी सुटली.

या फुगीर पाइपाला एक्स्पान्शन चेंबर म्हणतात. त्याचा पहिला वापर काडेनने केला असं मात्र नाही. डीकेडब्ल्यूच्या पश्चिमेकडल्या शाखेत एरिक वोल्फ या इंजिनिअरने १९५१ च्या सुमारास तसा पाइप लावला होता. काडेनचं श्रेय पुढचं. तो पाइपातल्या दाबाची लाट ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर बघत बसला. कुठे लवकर येते, कुठे उशिरा येते, शंकू किती पसरट हवा, मधलं पोट किती लांब. बाकीचे ठोकून बघत होते, हा मोजत होता. माझ्या मते सगळा फरक इथे पडला.

हिशेब आपणही करू शकतो. १९६१ साली त्याचं १२५ सीसीचं इंजिन मिनिटाला १०,८०० फेरे मारायचं. म्हणजे सेकंदाला १८०. एका फेरीला साडेपाच मिलीसेकंद. धुराची खिडकी साधारण अर्धा फेरा उघडी असते असं धरलं तर हातात पावणेतीन मिलीसेकंद. एवढ्या वेळात लाटेने जाऊन परत यायचं. साध्या हवेत आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, तापलेल्या धुरात जोरात, सुमारे ५०० मीटर धरू. पावणेतीन मिलीसेकंदात झाले १.४ मीटर. जाण्यायेण्याचे मिळून. म्हणजे खिडकीपासून मागच्या शंकूपर्यंतचं अंतर साधारण ७० सेंटीमीटर हवं. ढोबळ हिशेब आहे, खऱ्या पाइपात शंकूचे कोन, तापमान, खिडकीची उंची सगळं येतं. पण पाइपाची लांबी मर्जीने ठरत नाही हे यातून कळतं. पाइप म्हणजे इंजिनाला जुळवलेलं वाद्य. बासरीचं भोक बोटभर सरकवलं तर सूर जातो, तसंच.

यातूनच टू-स्ट्रोकचा तो प्रसिद्ध स्वभाव येतो. लाट बरोबर वेळेवर पोहोचते ती ठरावीक वेगालाच. इंजिन हळू फिरत असेल तर लाट लवकर येते, आणि ताजं मिश्रण अजून येतच असताना त्यालाच अडवते. म्हणून खालच्या वेगाला गाडी रडते, आणि एका टप्प्याला पोहोचली की अचानक कुणीतरी लाथ मारल्यासारखी उसळते. शर्यतीच्या गाडीत हा टप्पा, म्हणजे पॉवर बँड, इतका अरुंद असायचा की स्वार सतत गिअर बदलत त्याच पट्ट्यात राहायचा. आणि एक हात कायम क्लचवर, कारण इतकी ताकद काढलेलं इंजिन कधी सीझ होईल याचा नेम नसायचा. पिस्टन जाम, मागचं चाक जाम, स्वार रस्त्यावर.

पाइप एकटा पुरला नसता. आत येणाऱ्या बाजूला काडेनने फिरती चकती बसवली. साध्या टू-स्ट्रोकमध्ये आत घ्यायची खिडकीही पिस्टनच उघडतो, आणि जितकी आधी उघडते तितकीच नंतर बंद होते. त्यामुळे उशिरापर्यंत उघडी ठेवली तर घेतलेलं मिश्रण कार्ब्युरेटरकडे परत उसळतं. एका बाजूने तुकडा कापलेली पोलादाची पातळ थाळी इंजिनाच्या दांड्यावर फिरती ठेवली की कधी उघडायचं आणि कधी बंद करायचं ते वेगवेगळं ठरवता येतं. ही युक्ती डॅनिएल त्सिमरमान याने आपल्या खासगी रेसगाडीत वापरली होती. काडेनने ती उचलली आणि तासून तासून पक्की केली. शिवाय धुराच्या खिडकीसमोर एक जादा खिडकी काढली, जिच्यातून जाणारं थंड, ऑइलवालं मिश्रण तापून मरणाऱ्या पिस्टनला आणि त्याच्या बेअरिंगला गार ठेवायचं. चांगलं बेअरिंग मिळत नाही ना, मग आहे त्यालाच वारा घाल.

१९५४ ला त्याचं १२५ चं इंजिन १३ हॉर्सपॉवर देत होतं. १९६१ ला २५. आजची आपली १२५ ची स्कूटर साधारण ८ ते ९ देते. लिटरमागे २०० हॉर्सपॉवर झाले हे, आणि सुपरचार्जर, म्हणजे हवा जबरदस्तीने कोंबणारा पंप, न लावता हा आकडा गाठणारं जगातलं पहिलं इंजिन म्हणून ते ओळखलं जातं. खेड्यासारख्या शहरातल्या एका छोट्या कार्यशाळेने हे केलं होतं. १९५८ ला स्वीडनमध्ये होर्स्ट फ्युग्नरने एमझेडला पहिली ग्रां प्री, म्हणजे विश्वविजेतेपदाच्या मालिकेतली शर्यत, जिंकून दिली होती. आता विश्वविजेतेपद तेवढं उरलं होतं.

१९६१ चा मोसम. काडेनचा स्वार एर्न्स्ट डेग्नर. नुसता स्वार नाही, स्वतः तंत्र शिकलेला, कार्यशाळेत काडेनचा हाताखालचा माणूस. १२५ च्या गटात तो होंडाच्या टॉम फिलिसशी झुंजत होता. हॉकेनहाइम जिंकली, घरच्या प्रेक्षकांसमोर झाक्सेनरिंग जिंकली, इटलीत मोंझा जिंकली. पण शर्यतींच्या मधे, १३ ऑगस्टला, बर्लिनमध्ये भिंत उभी राहिली. एका रात्रीत देशाचं दार बंद.

डेग्नरच्या मनात आधीपासून काहीतरी शिजत होतं. पश्चिमेकडचे स्वार त्याच्यापेक्षा मागे येऊन गाड्या-बंगले घेत होते आणि हा जिंकून चोपाऊला परत येत होता. सुझुकीवाल्यांशी त्याची ओळख झालेली होती. सुझुकीच्या गाड्या १९६० मध्ये आइल ऑफ मॅन बेटावरच्या शर्यतीत पहिल्यांदा उतरल्या, तेव्हापासून त्यांना वेग काही सापडत नव्हता. त्यांना काय हवं होतं ते डेग्नरच्या डोक्यात होतं.

१७ सप्टेंबर १९६१, स्वीडनमधलं क्रिस्तियानस्टाड. ही शर्यत जिंकली असती तर डेग्नर जगज्जेता होता, आणि एमझेड आणि काडेनसुद्धा. इंजिन शर्यतीतच बंद पडलं. त्याच सुमारास त्याची बायको आणि दोन लहान मुलं एका मित्राच्या गाडीच्या डिकीत लपून पूर्व जर्मनीतून बाहेर पडली होती. मुलांनी आवाज करू नये म्हणून त्यांना झोपेचं औषध दिलेलं. डेग्नर स्वीडनहून परतलाच नाही. डेन्मार्कमार्गे पश्चिम जर्मनी, आणि थोड्याच आठवड्यांत जपानमधलं हामामात्सु, सुझुकीचं गाव.

शेवटची शर्यत अर्जेंटिनात होती. डेग्नर तिथे उतरू शकला नाही. फिलिस जिंकला, होंडा जगज्जेती झाली.

इंजिन मुद्दाम बंद पाडलं होतं का, यावर अजून वाद रंगतात. मला त्या वादात फार रस नाही. मला काडेन दिसतो, स्वीडनच्या त्या पिटमध्ये उभा, संध्याकाळपर्यंत आपला माणूस येईल म्हणून वाट बघणारा. त्याला परत जायचं होतं ते गुप्त पोलिसांच्या राज्यात, आणि तिथे विचारणार होते की तुमच्या नाकाखालून हा गेलाच कसा.

पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, डेग्नरने सुझुकीला ५० सीसीचं विश्वविजेतेपद मिळवून दिलं. टू-स्ट्रोकने जिंकलेलं ते पहिलं विश्वविजेतेपद. त्याच वर्षी सुरू झालेल्या जपानच्या सुझुका ट्रॅकवर डेग्नर एका वळणाला पडला, आणि ते वळण आजही डेग्नर वळण म्हणून ओळखलं जातं. फॉर्म्युला वन बघणाऱ्यांनी ते नाव शंभरदा ऐकलेलं असतं. सुखाचं मात्र झालं नाही. १९६३ ला त्याच ट्रॅकवर त्याची गाडी पेटली, तो भयंकर भाजला. १९८३ मध्ये तो गेला.

त्याने काडेनला फसवलं का? होय, असं मला वाटतं. त्याच्या जागी मी काय केलं असतं? दोन पोरं, मधे भिंत. उत्तर तितकंसं सोपं नाही.

काडेन चोपाऊलाच राहिला. १९६३ ला माइक हेलवूडने त्याच्या २५० वर झाक्सेनरिंग जिंकली. पुढेही अधूनमधून विजय मिळत राहिले, सगळे मिळून १३ ग्रां प्री. विश्वविजेतेपद एकही नाही. त्याच काळात बाहेर काय चाललं होतं? १९६४ ला यामाहाच्या टू-स्ट्रोकवर फिल रीडने २५० चं विजेतेपद घेतलं. १९७५ ला अगोस्तिनीने ५०० चा मुकुट पहिल्यांदा टू-स्ट्रोकने जिंकला, आणि २००१ मध्ये रोसीपर्यंत तो टू-स्ट्रोककडेच राहिला. १२५ च्या गटात तर २०११ पर्यंत. त्या प्रत्येक गाडीच्या पोटाखाली तोच मधे फुगलेला, दोन्हीकडे निमुळता होणारा पाइप, अजगरासारखा वळवून बसवलेला.

आपल्याकडे हे दोन रस्त्यांनी आलं. युद्धानंतर चोपाऊच्या आरटी १२५ चे नमुने जगभर उतरवले गेले. इंग्लंडची बीएसए बँटम, अमेरिकेत हार्ले, रशियात मॉस्क्वा. आणि १९५५ ला यामाहाने बनवलेली पहिलीवहिली मोटरसायकल, वायए-१, तीही आरटी १२५ चीच प्रत. म्हणजे यामाहाचं खापरपणजोबांचं घर चोपाऊ. दुसरा रस्ता डिकीतून गेलेला. लाटेचं ज्ञान जपानला पोहोचलं, शर्यतीत मुरलं आणि हळूहळू रस्त्यावरच्या गाड्यांत उतरलं. १९८३ ला आपल्याकडे राजदूत ३५० आली, १९८५ ला आरएक्स १००. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, ७५०० फेऱ्यांना. तेव्हाच्या मुंबईत सिग्नल सुटला की ती कोणालाही मागे टाकायची. लग्नाआधी ती घेतलेले आणि लग्नानंतर विकायला लागलेले कितीतरी काका मला माहीत आहेत, आणि ते अजून त्याबद्दल बोलतात. लग्नाबद्दल इतकं बोलत नाहीत.

रस्त्यावरच्या गाडीत अर्थात सगळं सौम्य केलेलं असतं. शंकू कमी उतरते, मागे आवाज मारायला बाफल. इथे गल्लोगल्लीच्या पोरांचा एक गैरसमज सांगायलाच हवा. सायलेन्सर कापला, बाफल फेकला, आवाज वाढला की गाडी पळते असं त्यांना वाटतं. फोर-स्ट्रोकचं सोडा, टू-स्ट्रोकमध्ये पाइपाचा आकार बिघडवणं म्हणजे फलाटावरच्या त्या रेटणाऱ्या गर्दीलाच घरी पाठवणं. ओढणारी लाट नाही, कोंबणारी लाट नाही. ताजं पेट्रोल सरळ हवेत. आवाज मोठा, गाडी बैल. मेकॅनिक बोलला तेच. वाहतूक पोलीस जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवतात त्यात असेही काही असतात, ज्यांनी मालकाच्या गाडीची ताकद आधीच मारलेली असते.

काजळीने तुंबलेल्या बाफलचंही तेच, उलट्या बाजूने. धूर मागे साचतो, पाइपातलं तापमान आणि दाब बदलतो, लाटेची वेळ चुकते. म्हणून भाजणं.

आणि टू-स्ट्रोक गाड्या का गेल्या, याचं उत्तरही त्याच दोन उघड्या दारांत आहे. लाट कितीही हुशार असली तरी ती एका टप्प्यालाच नीट काम करते. बाकी वेळ, म्हणजे मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये बहुतेक वेळ, काही ठाणेकर फलाटावर राहतातच. न जळलेलं पेट्रोल, त्यात जळकं ऑइल. प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि १९९६ मध्ये आरएक्स १०० बनणं बंद झालं. त्याच वर्षी, ३ मार्चला, काडेन वारला. भिंत पडलेली त्याने पाहिली होती.

भाच्याची गाडी संध्याकाळी तयार झाली. रविवारी सकाळी सहाला आम्ही शिवडीला बंदराच्या बाजूच्या रस्त्यावर गेलो. त्या वेळी तिथे कंटेनर उभे असतात आणि कुत्री. त्याने दुसरा गिअर टाकला, ॲक्सिलरेटर धरून ठेवला. आधी ते गुरगुरणं, मग सूर एकदम बदलला, पातळ आणि टोकदार झाला, आणि गाडी सुटली. लांबवर जाऊन वळून परत आला तेव्हा डोळे मोठे.

"मामा, मधेच मागनं कोणीतरी ढकलल्यासारखं वाटलं."

"ढकललंच," मी म्हटलं.